आधी अबकारीचा आकडा दाखवा

परदेशातल्या सरकारी विद्यापीठांना एक खोड लागली आहे. दर काही वर्षांनी ती एखाद्या सल्लागार कंपनीकडून जाडजूड अहवाल करून घेतात. राज्याने आमच्यावर एक डॉलर घातला तर राज्याच्या पदरात इतके डॉलर पडले, असा त्यात हिशेब असतो. पगार किती वाटले, पोरांनी किती पिझ्झे खाल्ले, पदवीदानाला आलेल्या आईबापांनी हॉटेलात किती रात्री काढल्या, सगळं धरलेलं असतं. मग तो ग्रंथ आमदारांपुढे ठेवायचा आणि म्हणायचं, बाबांनो, आता तरी अनुदान कापू नका. त्यांची लाचारी मी समजू शकतो. पण ट्रिलियन डॉलरच्या अर्थव्यवस्थेचा जप सुरू झाल्यापासून आपल्याकडेही तोच सूर निघू लागला आहे. विद्यापीठ राज्याला काय कमावून देतं? स्वतःच्या पायावर का उभं राहत नाही?

मी महाडला दुकानदारांचे हिशेब लिहितो. जीएसटीचं रिटर्न, बँकेच्या कर्जासाठी ताळेबंद, असली कामं. त्यामुळे कुणी हिशेब मागितला म्हणून माझं पित्त खवळत नाही. हिशेब मागणाराच आपली बाजू कोरी ठेवून बसलेला असतो तेव्हा खवळतं.

आमच्याकडचंच विद्यापीठ घ्या. मुंबई-गोवा महामार्गावर, माणगाव तालुक्यात, महाडच्या अलीकडे वीसएक किलोमीटरवर लोणेरे. १९८९ च्या कायद्याने तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं. बाबासाहेबांचं नाव कशासाठी, ते महाडकराला सांगायला नको. चवदार तळं इथलंच, मनुस्मृती जाळली तीही इथेच. मुंबई-पुण्याच्या बाहेर, कोकणातल्या भाताच्या खाचरांशेजारी, सरकारने स्वतःच्या पैशाने तंत्रशास्त्राचं विद्यापीठ काढलं. विचार मोठा होता, यात शंका नाही.

आता त्याचा ‘आर्थिक परिणाम’ मोजायचा तर अहवालवाल्यांच्या पद्धतीने काय दिसतं? माझ्याकडे एक गृहस्थ हिशेबाला येतात. त्यांच्या खोल्या आहेत, कॉट बेसिसवर. एका खोलीत तीन कॉट, एक पंखा, भिंतीला खिळे आणि दारामागे ‘रात्री दहानंतर गेट बंद’ अशी पाटी. खाली मेस. रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणून समोरच्या चायनीजच्या गाडीला गर्दी. परीक्षा जवळ आली की झेरॉक्सवाल्याकडे रांग, आणि तो काय बारीक करून देतो ते पर्यवेक्षकांना विचारा. “पोरं आहेत म्हणून आमचं चाललंय भाऊ,” हे गृहस्थ मला सांगतात. “सुट्टी लागली की शुकशुकाट.” खरं आहे. त्यांच्या वहीत जून ते एप्रिल जमा दिसते आणि मे महिना कोरा.

पण ही जमा कुणाची? लातूरच्या बापाने तूर विकली, परभणीच्या आईने बचत गटातून कर्ज उचललं, तो पैसा लोणेऱ्याच्या कॉटवर आला. राज्याच्या एका खिशातून निघाला, दुसऱ्या खिशात पडला. राज्य म्हणून यात दमडीची भर नाही. विद्यापीठाऐवजी तेवढ्याच पगाराचा तुरुंग तिथे बांधला असता, तरी चहावाल्याचा गल्ला तेवढाच भरला असता. कैद्यांना भेटायला नातेवाईक येतात, त्यांनाही वडापाव लागतो. जो हिशेब विद्यापीठ आणि तुरुंग यांच्यात फरक करू शकत नाही, तो हिशेब विद्यापीठाचा नव्हे.

दुसरं माप ‘पॅकेज’चं. कितीची प्लेसमेंट झाली, सर्वांत मोठं पॅकेज किती. हा आकडा फ्लेक्सवर छापतात, मुलाच्या फोटोसकट. मुलाला नोकरी लागली याचा मला आनंदच आहे. ज्याच्या आजाने दुसऱ्याच्या बांधावर मजुरी केली त्याचा नातू पुण्यात कॉम्प्युटरपुढे बसतो, ही साधी गोष्ट नाही, आणि सरकारी विद्यापीठ नसतं तर त्यातली किती मुलं तिथवर पोचली असती हे मला ठाऊक आहे. पण त्याला आमच्या मुलखाची प्रगती म्हणू नका. महाड-पोलादपूरचा हा जुनाच निर्यात माल आहे. आधी गिरणीत बदली कामगार पाठवला, १९८२ च्या संपाने गिरण्या बसल्या तेव्हा तो हमाल आणि वॉचमन झाला, आता इंजिनिअर होऊन जातो. पूर्वी मनीऑर्डर यायची, आता फोनवर पैसे येतात. माणूस मात्र गणपतीला आणि शिमग्याला. मालाची प्रत सुधारली. कारखाना तोच.

आमच्याच तालुक्यातल्या शिवथरला माझे चुलते आहेत, आम्ही तात्या म्हणतो. त्यांना मी सरळ विचारलं, “तात्या, विद्यापीठाचा तुम्हाला काय उपयोग झाला?”

“झाला की! पोरगा लागला पुण्याला.”

“आणि शेतीला?”

“शेतीला कोण राहिलाय रे?” 

तात्या हसले नाहीत. अजून ते राब भाजतात. उन्हाळ्यात टहाळ, शेण, पालापाचोळा थरावर थर रचायचा, वर माती घालायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचा. त्या राखेत रोप. वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. डोंगर तासून केलेल्या पट्ट्या, एक पट्टी दुसरीपेक्षा पुरुषभर उंच. पाऊस इतका, की भिजत लावणी करावी लागते, तरी मार्चमध्ये पाण्यासाठी हंडा घेऊन उतरावं लागतं. इतकं पाणी पडून उन्हाळ्यात घसा कोरडा राहतो, हा इंजिनिअरिंगचा प्रश्न नाही तर कुणाचा? (शिवथरच्या घळीत समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला अशी परंपरा आहे. धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० साली ही घळ हुडकली. त्या ग्रंथनिर्मितीचा राज्याच्या सकल उत्पन्नावर काय परिणाम झाला, याचा अहवाल अजून कुणी मागितलेला नाही. देवाचीच कृपा.)

मग खरा परिणाम असतो कुठे? असतो, आणि डोळे दिपवणारा असतो. फक्त तो खोलीभाड्याच्या रकान्यात सापडत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्टीफन बॅबकॉकने १८९० साली दुधातली स्निग्धता मोजायची सोपी पद्धत काढली. त्याआधी पाणी घालणाऱ्याला आणि न घालणाऱ्याला एकच भाव मिळायचा. बॅबकॉकने पेटंट घेतलं नाही, पद्धत सगळ्यांना मोकळी ठेवली. दुधाला फॅटवर भाव देणं त्यामुळे सोपं झालं, आणि त्या राज्याचा दूधधंदा उभा राहिला तो अशा विश्वासावर. आज आपल्या डेअरीत फॅट कमी लागली म्हणून जो कुरकुरतो, त्याचं भांडण मुळात त्याच जातीच्या शोधाशी आहे. बॅबकॉकने घरभाडं किती भरलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नसेल.

विस्कॉन्सिनपर्यंत जायलाही नको. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. तिथून १९९६ साली को ८६०३२ ही जात बाहेर पडली. पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्याही फडात उभं राहून विचारा, शेंबडं पोरगंही हा नंबर सांगेल. राज्यातल्या उसात वर्षानुवर्षं हीच जात वरचढ राहिली. साखर सम्राट झाले, त्यांचे चिरंजीव खासगी विद्यापीठांचे कुलपती झाले, पण ज्या बेण्यावर ही सम्राटगिरी पोसली ते बेणं सरकारी पगारातल्या माणसांनी निवडलं होतं. सोलापूर-नाशिककडच्या डाळिंबाचा ‘भगवा’ राहुरीचाच. आणि आमच्या कोकणात १८ मे १९७२ रोजी दापोलीला कृषी विद्यापीठ झालं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कातळावर आज काजूच्या ज्या बागा दिसतात, त्यांच्या कलमांची नावं विचारलीत तर उत्तर येतं वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७. खाचरात ‘कर्जत’ आणि ‘रत्नागिरी’ या नावांच्या भाताच्या जाती. हापूस आणि नीलम यांच्या संकरातून १९८१ साली ‘रत्ना’ आंबा काढला तोही यांनीच. यातला एकही रुपया विद्यापीठाच्या जमेला लागत नाही. बागायतदाराच्या गल्ल्यात जातो, तिथून बाजारात, तिथून करात, आणि मग मंत्री विचारतात, विद्यापीठं काय देतात? अहो, तुमचा कर कुठून आला ते आधी बघा.

तिसरं उदाहरण आमच्या फार जवळ येऊन टेकतं. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग काढला. लोकांच्या तोंडी यूडीसीटी, माटुंग्याचा. आता ती स्वतंत्र संस्था आहे. रंग, औषधं, कापडावरची प्रक्रिया, यात या देशात जे उभं राहिलं त्यात माटुंग्याच्या पोरांचा हात मोठा. अंजी रेड्डी तिथले, मुकेश अंबानी तिथले. एका सार्वजनिक विद्यापीठाच्या एका विभागाने केवढी संपत्ती निर्माण केली, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

आणि त्या रसायनविद्येची नातवंडं आमच्या महाड एमआयडीसीत नांदतात. कंपनीचं हेड ऑफिस मुंबईत, नफा मुंबईत, शेअरचा भाव मुंबईत. आमच्या वाट्याला बिरवाडीकडून येणारा वास आणि सावित्री. महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळणारी ही नदी. तिच्या खाडीत जाळं टाकणाऱ्या भोई-कोळ्यांना विचारा, मासळीचं काय झालं. रोजगार मिळाला हे खरं, मी नाकारत नाही, माझी निम्मी गिऱ्हाइकं त्या कामगारांच्या पगारावर जगतात. पण ज्ञानाने संपत्ती झाली हे लिहायचं असेल तर त्याच पानावर नदीचं नुकसानही नावे टाकावं लागतं. मी एखाद्या दुकानदाराचं असं एकतर्फी पत्रक केलं तर इन्कम टॅक्सवाले मला उभा सोडणार नाहीत. राज्य मात्र सुटतं.

आता नावेच्या बाजूची सगळ्यात मोठी नोंद. १९८९ मध्ये लोणेऱ्याला विद्यापीठ आलं. त्यानंतर सोळा वर्षांनी, जुलै २००५ मध्ये, महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे दरडी कोसळल्या. घरंच्या घरं चिखलात गेली. आणखी सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, तळीये. ऐंशीहून जास्त माणसं. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी. महाड शहर पाण्यात, माझ्या ऑफिसातल्या वह्यांचा लगदा. मधे २०१६ च्या २ ऑगस्टला सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, दोन एसट्या माणसांसकट घेऊन. तळीयेच्या मृतांच्या वारसांना राज्याने पाच लाख आणि केंद्राने दोन लाख जाहीर केले. म्हाडाला घरं बांधायला लावली. सावित्रीवर नवा पूल १६५ दिवसांत उभा केला. म्हणजे पैसा होता आणि वेगही होता. फक्त माणसं मेल्यावर होता.

आज काय चालतं? जून लागला की दरडप्रवण वाडीवर तलाठी येतो. छापील नोटीस देतो, की अतिवृष्टीत सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे. सही घेतो आणि जातो. सुरक्षित ठिकाण म्हणजे शाळेची खोली, गुरांना तिथे जागा नाही, म्हणून माणसं गुरांजवळ राहतात. डोंगराला भेग पडली का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं का, हे तात्या स्वतःच चढून बघून येतात, वयाच्या सत्तरीत. ज्या पट्ट्यात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवणारं सरकारी विद्यापीठ आहे, तिथे प्रत्येक धोक्याच्या वाडीवर पर्जन्यमापक आणि डोंगराच्या हालचालीची नोंद, हे राज्याने विद्यापीठाला नेमून दिलेलं, पैसे बांधून दिलेलं कायमचं काम का असू नये? त्याचा खर्च एका तळीयेच्या नुकसानभरपाईपुढे किती भरेल? विद्यापीठाचा आर्थिक परिणाम म्हणून कुणी मला ‘न पडलेल्या दरडीखाली न मेलेली माणसं’ हा रकाना दाखवला, तर मी त्याच्या पायावर डोकं ठेवीन.

सरकारने या विद्यापीठाला काम दिलं ते वेगळंच. मूळचं ते एका आवारातलं, मुलांनी तिथेच राहून शिकायचं, स्वायत्त. २०१४ साली नवा कायदा केला आणि २०१६ पासून त्याचं रूपांतर झालं संलग्नता देणाऱ्या विद्यापीठात, कार्यक्षेत्र अख्खं राज्य. जळगावचं कॉलेज लोणेऱ्याला जोडलं, नांदेडचंही जोडलं. आता लोणेऱ्याहून प्रश्नपत्रिका, वेळापत्रकं, निकाल, फेरतपासणी. शिवथरच्या डोंगरासाठी माणूस मोकळा होणार कधी? आणि हे एका लोणेऱ्याचं दुखणं नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांना सरकारने परीक्षा मंडळ करून ठेवलंय. पगाराचं अनुदान मंजूर पदांपुरतं, मंजूर पदं रिकामी, रिकाम्या पदांवर तासिका तत्त्वावरची माणसं. मीही काही वर्षं एका कॉलेजात असा तासांवर अकाउंटन्सी शिकवत होतो. मार्चमध्ये शिकवलेल्या तासांचे पैसे दिवाळीला यायचे, तेही वर्गात हजेरीच्या सह्या कमी भरल्या म्हणून कापून. त्याच वर्गात मी ‘देय खर्चाची तरतूद’ शिकवत असे. अशा माणसाकडून तुम्ही संशोधन मागता, स्टार्टअप मागता, आणि वर त्यालाच विचारता, तू राज्याला काय दिलंस?

आता मागणाऱ्याची कोरी बाजू. हा हिशेब कसा मांडायचा, हे ज्यांचं नाव त्या विद्यापीठाला दिलंय त्यांनीच दाखवून ठेवलंय. बाबासाहेब सरकारी तिजोरीचे अभ्यासक होते. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ चा. १२ मार्च १९२७ ला, म्हणजे चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्याच्या बरोब्बर आठ दिवस आधी, मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. आकडे साधे होते. या इलाख्यात शिक्षणावर दरडोई खर्च चौदा आणे. अबकारीतून, म्हणजे दारूपोटी, त्याच माणसाकडून सरकार काढतं २ रुपये २ आणे ९ पै. अडीचपट. त्यांची मागणी इतकीच होती, की दारूपोटी जेवढं घेता तेवढं तरी शिकवण्यावर घाला. शिक्षणाच्या खर्चातला मोठा वाटा फीमधून वसूल करण्यालाही त्यांनी तिथेच हरकत घेतली. शाळा-कॉलेजांनी सरकारला काय कमावून दिलं, असा प्रश्न त्यांनी विचारला नाही. सरकारने रयतेकडून काय नेलं आणि त्यातलं काय परत केलं, हे विचारलं.

कुणी म्हणेल, आज शाळांच्या पगारासकट शिक्षणावरचा खर्च अबकारीच्या पुष्कळ पुढे गेलाय. गेलाय, मान्य. प्राथमिक शिक्षक धरले तर आकडा फुगतोच. मी विद्यापीठांचं बोलतोय. जुलै २०२४ मध्ये आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी सरकारने पूर्ण माफ केली. मुलींसाठी सोन्यासारखा निर्णय. पण त्या माफीचा पैसा खासगी विनाअनुदानित कॉलेजांच्या खात्यातही जातो, आणि सार्वजनिक विद्यापीठाच्या रिकाम्या खुर्च्या रिकाम्याच राहतात. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, वर्षाला चौदा हजार कोटी जादा मिळतील या हिशेबाने. त्यातला दरडोई किती भाग राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांतल्या संशोधनाला, किती दापोलीला, किती लोणेऱ्याला, एवढी एक तेरीज अर्थसंकल्पासोबत छापा. बाबासाहेबांच्या भाषणातलीच चौकट, फक्त आणे-पैऐवजी रुपये.

ते भाषण शोधायलाही लांब जायला नको. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या दुसऱ्या खंडात आहे, १९८२ चा, महाराष्ट्र सरकारच्या शिक्षण खात्यानेच छापलेला. दर २० मार्चला सरकारातली मंडळी महाडला येतात, पुतळ्याला हार घालतात, विश्रामगृहावर जेवतात आणि परत जातात. पुढच्या वेळी येताना अबकारीचा चालू वर्षाचा आकडा तेवढा आणा. लोणेऱ्याच्या खोलीभाड्याचा मी देतो, जीएसटीसकट तयार आहे.